मनुकांचे पाणी वाइन केव्हा होते?

द्राक्षाच्या रसाची वाइन नेमकी कोणत्या क्षणी होते, या प्रश्नाला रसायनशास्त्राचे उत्तर तसे सरळ आहे. सालीवर किंवा हवेत असलेल्या यीस्टच्या पेशी रसातल्या साखरेवर वाढू लागल्या आणि साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होऊ लागला, की रसाची वाइन होऊ लागली. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की अल्कोहोल एका टक्क्याने वाढते, एवढा हिशेब घरी वाइन करणाऱ्यालाही पुरतो. परंतु हीच वाइन जेव्हा एखाद्या धर्मात विधीचे द्रव्य होते, तेव्हा या उत्तराने काम भागत नाही. कारण विधी करणाऱ्याला रसात साखर किती उरली याच्याशी कर्तव्य नसते, पेल्यात जे आहे त्यावर आशीर्वचन म्हटले असता आपल्यावरची आज्ञा पाळली गेली की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. या दोन प्रश्नांतले अंतर ज्यू धर्मशास्त्राइतक्या चिकाटीने फार थोड्या परंपरांनी तपासले असेल, आणि त्या तपासणीचा एक धागा रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील मराठी बोलणाऱ्या घरांपर्यंत येऊन पोहोचतो.

बेने इस्राएल या समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या शब्बाथचे, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाचे, पावित्र्य भरला पेला हाती धरून उच्चारायचे, या विधीला किद्दुश म्हणतात, आणि त्यासाठी वाइन लागते. पेला किती भरलेला असावा याचेही माप ठरलेले असून प्रचलित गणनेनुसार ते सुमारे ८६ मिलिलिटर भरते. ज्यूंच्या हातची वाइन कोकणात मिळत नव्हती, म्हणून तिथला किद्दुशचा पेला मनुकांच्या पाण्याने भरला गेला. काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घालायच्या, रात्रभर फुगू द्यायच्या, दुसऱ्या दिवशी हाताने कुस्करून पातळ फडक्यातून पिळून घ्यायच्या, एवढीच कृती. काही घरांत गाळण्यापूर्वी एक उकळीही देतात. फडक्यात साली आणि बिया राहतात, भांड्यात तपकिरी-जांभळट, किंचित गढूळ आणि चांगले गोड पाणी उतरते, आणि घरातली माणसे त्याला साधेपणाने शरबत म्हणतात. अशा ताज्या शरबतात अल्कोहोल जवळजवळ नसते.

मग हे शरबत म्हणजे वाइन, की वाइनच्या जागी चालवून घेतलेली वस्तू? भारतीय वाचकाला हा प्रश्न अनोळखी नाही, कारण यज्ञद्रव्य मिळाले नाही तर काय करावे याचा विचार पूर्वमीमांसेने प्रतिनिधी या संज्ञेखाली केला आहे. प्रतिनिधी म्हणजे मूळ द्रव्याच्या अभावी त्याच्या सादृश्यामुळे स्वीकारलेले दुसरे द्रव्य. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक नावाची वनस्पती घ्यावी, हे त्याचे ठरलेले उदाहरण, आणि जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात या विषयाची चर्चा आहे. प्रतिनिधीने कर्म तडीस जाते, पण म्हणून पूतीक हा सोम होत नाही. कोकणातल्या शरबताकडे पाहणारा कोणीही प्रथमदर्शनी हेच म्हणेल, की परक्या मुलुखात अडलेल्या लोकांनी मनुकांचा प्रतिनिधी शोधून काढला. ज्यू शास्त्राचे म्हणणे मात्र तसे नाही. तिथे प्रतिनिधीची कल्पना वेगळी आहे: एखाद्या प्रदेशात वाइन मिळत नसेल तर त्या प्रदेशाचे सर्वमान्य पेय, उदाहरणार्थ बिअर, काही विधींपुरते तिच्या जागी घेता येते, आणि त्या पेयावर म्हणायचे आशीर्वचन सर्वसाधारण पेयांचे असते, द्राक्षवेलीच्या फळाचे नसते. मनुकांच्या पाण्यावर मात्र द्राक्षवेलीचेच आशीर्वचन म्हटले जाते. शास्त्राच्या दृष्टीने ते वाइनच आहे.

याचा आधार ताल्मूदमध्ये आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना ही विधिसंहिता आणि तिच्यावरील पुढच्या काही शतकांची गेमारा नावाची चर्चा, या दोन्हींचा मिळून ताल्मूद होतो. त्यातील बाबा बथ्रा या प्रकरणात, एरवी खरेदीविक्री आणि शेजाऱ्यांचे हक्क यांची चर्चा चालू असताना, किद्दुशला कोणती वाइन चालते हा विषय निघतो. द्राक्षाचा घड तिथल्या तिथे पिळून त्या रसावर किद्दुश म्हणता येतो आणि मनुकांची वाइनही चालते, असा निर्णय तिथे येतो. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी शुल्हान आरुख या आचारसंहितेत मनुकांसाठी एक अट नमूद केली: मनुकेत इतका ओलावा हवा, की ती चेचली असता तिच्यातून मधासारखा रस बाहेर यावा. मनुका इतकी वाळली असेल की तिच्यात स्वतःचे काहीच उरले नाही आणि पाण्यात जे उतरले ती नुसती चव आहे, तर ते पाणी पाणीच. ही कसोटी घरच्या स्वयंपाकघरात दोन बोटांच्या चिमटीत होते. तिच्यामागचा विचारही लक्षात घेण्यासारखा आहे: वेलीपासून आलेला रस वस्तूत अजून आहे काय, एवढेच ती विचारते, तो आंबला आहे काय, हा मुद्दा तिला अप्रस्तुत वाटतो.

परंतु यावरून वेलीचा रस म्हणजे वाइन, मग तो कोणत्याही अवस्थेत असो, असे समीकरण कोणी मांडले तर ते तितकेसे टिकत नाही. नाझीर, म्हणजे ठरावीक काळ संयमाचे व्रत घेतलेला माणूस, याला वाइन निषिद्ध आहे, आणि त्याच्यापुरता हा निषेध थेट द्राक्षाच्या फळापासून, मनुकेपासून, अगदी बी आणि सालीपासून सुरू होतो. मूर्तिपूजकाच्या हाताने जिला बाध येतो ती वाइन कुठून मोजायची, तर मिश्नेने ती रस घाण्यातून खालच्या हौदात उतरल्यापासून मोजली, आणि पुढच्या पंडितांनी ही रेषा आणखी मागे ओढून रस चोथ्यापासून वेगळा वाहू लागतो त्या क्षणावर आणली. दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा भाग धर्मकार्यासाठी काढून ठेवण्याचे बंधन, या कामापुरती वाइन तयार झाली असे तेव्हा मानतात, जेव्हा तिच्यावरचा फेस काढून टाकला जातो. जेरुसलेमच्या मंदिरातल्या वेदीवर ओतायची वाइन मात्र निदान ४० दिवसांची झालेली असावी, त्याहून कोवळी नको, असा दंडक होता. एकाच द्राक्षाचा एकच रस नाझीरसाठी वेलीवर असतानाच वाइन, स्पर्शदोषासाठी वाहू लागताच वाइन, दशमांशासाठी फेस काढल्यावर वाइन, वेदीसाठी सहा आठवड्यांच्या उंबरठ्यावर वाइन, आणि किद्दुशसाठी मुठीत पिळल्याबरोबर वाइन. हे वाचून गोंधळ उडतो तो वस्तूची व्याख्या एकच असली पाहिजे या अपेक्षेमुळे. धर्मशास्त्राची अपेक्षा ती नाही. वाइन म्हणजे काय असे ते मोघम विचारतच नाही. कोणत्या कर्तव्यासाठी विचारता आहात, असे ते उलट विचारते, आणि कर्तव्याच्या हेतूवरून सीमारेषा आखते. संयमाच्या व्रताला मोहाच्या पहिल्या पायरीलाच कुंपण घालायचे असते, म्हणून त्याची रेषा सर्वांत अलीकडे. वेदीला परिपक्व आणि सन्मानाचे द्रव्य हवे असते, म्हणून तिची सर्वांत पलीकडे.

ग्रीक तत्त्वज्ञानाने हाच पदार्थ हाती घेऊन अगदी वेगळी वाट धरली होती. ॲरिस्टॉटलने आपल्या तत्त्वमीमांसेच्या आठव्या पुस्तकात वाइन आणि व्हिनेगर यांच्या संबंधाचा प्रश्न उपस्थित केला आहे. वाइनपासून व्हिनेगर होते हे उघड असले तरी वाइन ही व्हिनेगरचे उपादान, म्हणजे ज्यापासून वस्तू घडते ते द्रव्य, आहे असे तो मानत नाही; वाइनचे आंबट होणे हा विनाश आहे, आणि व्हिनेगरची पुन्हा वाइन व्हायची तर आधी ते पाण्यापर्यंत मागे जाऊन मग वेलीच्या वाटेने परत यावे लागेल. याच्या शेजारी ताल्मूदच्या बेराखोथ प्रकरणातली, बाबिलोनचे पंडित राव हुना यांची कथा ठेवली की दोन विचारपद्धतींमधला फरक डोळ्यांत भरतो. राव हुना यांच्या वाइनची ४०० पिंपे आंबून व्हिनेगर झाली. भेटायला आलेल्या पंडितांनी सांत्वन करण्याऐवजी त्यांना स्वतःची वागणूक तपासायला सांगितले, आणि छाटलेल्या द्राक्षफांद्यांतला खंडकऱ्याचा हिस्सा ते देत नाहीत हे कानावर आल्याचेही बोलून दाखवले. खंडकरीच आपला सगळा माल चोरतो, अशी तक्रार राव हुना यांनी केली. चोराकडून चोरी केली तरी ती चोरीच, या अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. त्यांनी हिस्सा देण्याचे कबूल केले, आणि कथेच्या एका पाठानुसार व्हिनेगरची पुन्हा वाइन झाली. दुसरा पाठ जास्त गमतीचा आणि कदाचित जास्त प्रामाणिक आहे: व्हिनेगर व्हिनेगरच राहिले, फक्त त्याचा भाव चढून वाइनइतका झाला. ग्रीक तत्त्वज्ञ पिंपात द्रव्याचे परिवर्तन पाहतो. बाबिलोनच्या पंडितांना त्याच पिंपात मालक आणि कूळ यांच्यातला हिशेब दिसतो. विकलेली वाइन आंबली तर तोटा कोणाचा, या वादातही तीन दिवसांपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची मानणाऱ्या मताच्या समोर वाइन धन्याच्या नशिबावर चालते असे सांगणारे मत उभे आहे. साठवण चुकली की दोष झाकणाचा की माणसाचा, हा प्रश्न तिथे शेवटपर्यंत मोकळाच ठेवलेला दिसतो.

झाकणाचा विचार मात्र कसून झाला आहे. रात्रभर उघडी राहिलेली वाइन किद्दुशला निषिद्ध ठरवली गेली, कारण तिच्यात सापाने तोंड घालून विष सोडले असण्याचे भय होते. कौलारू घरात राहिलेल्या कोणालाही यात अतिशयोक्ती वाटू नये. झाकलेली वाइन परक्याच्या स्वाधीन करून पाठवायची झाल्यास एकात एक अशा दोन मोहरा लावाव्या लागत. या सगळ्या बंधनांच्या मुळाशी दोन कारणे होती: परक्याने ती वाइन आपल्या दैवताला अर्पण केलेली असण्याची शक्यता, आणि एका पंक्तीला बसून पिण्यातून सोयरीक जुळण्याची भीती. दुसरे कारण आजच्या वाचकाला खटकेल, आणि ते खटकावे हेही योग्यच. अल्पसंख्य समाजाने स्वतःला टिकवण्यासाठी घातलेले कुंपण म्हणून ते समजून घेता येते, इतकेच. शास्त्राने या कुंपणाला एक फाटकही ठेवले. उकळलेल्या वाइनला स्पर्शदोष लागत नाही. शमुएल हा पंडित आणि अबलेट नावाचा त्याचा बिगर-ज्यू ज्योतिषी मित्र एकत्र बसले असता उकळलेली वाइन समोर आली, अबलेटने शिष्टाचार म्हणून हात मागे घेतला, आणि ही उकळलेली असल्याने हरकत नाही असे शमुएलने त्याला सांगितले, अशी हकीकत ताल्मूदमध्ये आहे. पण या मोकळिकीची किंमत द्यावी लागली. उकळलेली वाइन वेदीवर चालत नसे, म्हणून ती किद्दुशला तरी चालावी काय, यावर मध्ययुगात मतभेद झाले. जी वाइन शेजाऱ्यासोबत निर्धास्त पिता येते तिच्या पावित्र्याविषयी शंका, आणि जी निःशंक पवित्र तिच्याभोवती शेजाऱ्याला मज्जाव, असा हा पेच आहे, आणि तो कोणी पूर्णपणे सोडवल्याचे दिसत नाही.

कोकणात या पेचाला आणखी एक शेजार लाभला. किनारपट्टीवरचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या चार सुन्नी संप्रदायांपैकी इमाम शाफिई यांच्या संप्रदायाचे, अनुयायी आहेत. मनुका किंवा खजूर पाण्यात भिजवून केलेले नबीझ हे पेय इस्लामी परंपरेलाही ठाऊक आहे. पैगंबरांसाठी भिजवलेल्या मनुकांचे पाणी ते तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंतच घेत आणि उरलेले दुसऱ्याला पाजले किंवा ओतून दिले जाई, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या आचार-वचनांच्या संग्रहांत, नोंदलेले आहे. हनफी संप्रदायाचे प्रवर्तक अबू हनीफा यांनी खम्र, म्हणजे कुराणाने निषिद्ध केलेले मद्य, याची काटेकोर व्याख्या करताना द्राक्षाचा कच्चा रस उफाळून, तीव्र होऊन त्याने फेस टाकला पाहिजे असे म्हटले. ज्यू दशमांशाची खूण फेस आणि इस्लामी निषेधाची एक खूणही फेस, हा योगायोग मोठा रंजक आहे. शाफिई मत मात्र कडक आहे: जे जे नशा आणते ते सगळे खम्र, थोडे असो वा फार, द्राक्षाचे असो वा आणखी कशाचे, आणि वाइन आपोआप आंबून व्हिनेगर झाली तर ती शुद्ध, पण काही घालून मुद्दाम केलेले व्हिनेगर शुद्ध नाही. म्हणजे एकाच गावात, एकाच बाजारातून आणलेल्या मनुका, एकाच तऱ्हेच्या भांड्यात भिजत पडलेल्या. एका घराला ते पाणी वाइन ठरायला हवे असते आणि शेजारच्या घराला ते वाइन न ठरण्यावर सगळे अवलंबून असते. कोकणातल्या उष्ण आणि दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पाण्यावर बुडबुडे दिसू लागतात. पहिले घर उगमाकडे पाहते, दुसरे परिणामाकडे. म्हणून ताज्या शरबताविषयी दोघांचीही धर्मबुद्धी निश्चिंत राहते, आणि पाणी एकच असूनही वाद उद्भवत नाही.

उगम पाहणाऱ्या आणि आंबून व्हिनेगर होणेही पाहणाऱ्या विचाराचे उदाहरण ख्रिस्ती परंपरेत सापडते. मिस्साविधीची वाइन द्राक्षाचीच हवी हे थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात युक्तिवादाने मांडले. व्हिनेगर त्यांनी अपात्र ठरवले, तर न मुरलेल्या ताज्या रसाने संस्कार सिद्ध होतो असे मान्य केले. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी चिनी मातीच्या बरण्यांतून मुरणाऱ्या मनुकांच्या वाइनचा या चर्चेशी संबंध नाही; ती पाहुण्यांसाठी असते, वेदीसाठी नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नात राज्यसंस्था उतरली. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी अमलात आली, तेव्हा धर्मविधीसाठीच्या वाइनला कायद्याने सूट दिली, आणि त्या सुटीचा गैरफायदा घेणारे खोटे रब्बीही, म्हणजे ज्यू धर्मगुरू म्हणवणारे लोकही, निपजले. तेव्हा लुई गिन्झबर्ग या विद्वानाने १९२२ मध्ये विस्तृत शास्त्रार्थ लिहून न आंबलेला द्राक्षरस विधीला वाइनच्या बरोबरीचा आहे असे दाखवून दिले. त्यांच्या टीकाकारांना ही कायद्यापुढची शरणागती वाटली. वस्तुतः पिळलेल्या घडाचा निर्णय शेकडो वर्षे ग्रंथात होताच, आणि मनुकांच्या रूपाने तो कोकणात कोणत्याही दारूबंदीशिवाय आचरणात होता. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, तेव्हा मद्याची व्याख्या अल्कोहोल असलेल्या सर्व द्रवांपर्यंत ताणली. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा गाभा कायम ठेवला, परंतु अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी अवाजवी म्हणून रद्द केली. धायटीच्या फुलांनी आंबवून महिनाभर तोंड बांधून ठेवलेले द्राक्षासव हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने वाइनचेच भावंड. वैद्याच्या कपाटात ते औषध असते. वस्तू कशासाठी आहे यावरून तिची जात ठरवण्याचा मार्ग अखेर न्यायालयालाही घ्यावा लागला, हे ताल्मूदच्या अभ्यासकाला मुळीच आश्चर्याचे वाटणार नाही.

या सगळ्या चर्चेत साठवणीचा प्रश्न बेने इस्राएल घरांनी ज्या पद्धतीने हाताळला तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तयार वाइन जपायची तर झाकण, मोहर, पहारा आणि स्पर्शाची चिंता. त्यात कोकणची हवा अशी, की आठवड्याभरात व्हिनेगरची धास्ती. मनुका मात्र यातल्या कशालाच बांधलेली नाही. स्पर्शदोषापुरता द्राक्षाचा रस चोथ्यापासून वेगळा वाहू लागेपर्यंत वाइन नसतो. त्यामुळे वेलीवरून खुडणारा, उन्हात वाळवणारा, गोणीत भरणारा आणि तराजूत तोलून देणारा कोणत्याही धर्माचा असला तरी मनुकेला बाध येत नाही. ती डब्यात महिनोन्‌महिने राहते. नाझीर सोडला तर ती कोणालाही वर्ज्य नाही. शुक्रवारी फडके पिळले जाते तेव्हा रस वेगळा होतो, आणि ती क्रिया घरातल्या माणसाच्या हाताने घरातच होते. ज्या क्षणापासून वाइनवर नियमांचा पहारा बसतो तो क्षण अशा रीतीने शब्बाथच्या उंबरठ्यावर, काही तासांपुरता, आणून ठेवलेला असतो. तोवर साठवलेली असते ती फक्त सुकलेली द्राक्षे. ही योजना कोणी विचारपूर्वक आखली असे म्हणायला आधार नाही. गरजेतून रूढी पडली आणि ती शास्त्राच्या सर्वांत अवघड अटीला अचूक टाळून गेली.

आज अलिबागहून काही तासांच्या अंतरावर, नाशिकच्या परिसरात, वाइनचा मोठा उद्योग उभा आहे. तिथल्या बाटलीवर प्रदेशाचे नाव असते, द्राक्षाच्या वाणाचे नाव असते, अल्कोहोलची टक्केवारी असते. रस वाहू लागल्यापासून बूच बसेपर्यंत तो कोणाच्या हातून गेला हे मात्र नसते, आणि शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसाच्या देखरेखीवाचून झालेली ती वाइन किद्दुशच्या पेल्यात ओतता येत नाही. त्याच मातीतल्या द्राक्षांच्या मनुका वाण्याच्या दुकानातून कागदाच्या पुडीत येतात, आणि बोटांच्या चिमटीत दाबल्यावर ओलसर लागल्या तर चालतात.